‘चेहरा दाखवणार नाही, मग काय हरकत?’

पत्र थोडक्यात असं आहे:

‘ताई, मी सत्तावीस वर्षांची. मूळची साताऱ्याकडची, पुण्यात वाकडला दोन मैत्रिणींबरोबर राहते. तीन महिन्यांपूर्वी नोकरी गेली. वैयक्तिक कर्जाचा हप्ता चौदा हजार आहे, भाऊ शिकतोय, बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पैशांसाठी लांबलंय. लेस्टरला शिकायला गेलेल्या मैत्रिणीने ओन्लीफॅन्सबद्दल सांगितलं. तिथे लोक दर महिन्याला पैसे भरून आपले फोटो, व्हिडिओ पाहतात. चेहरा न दाखवताही चालतं, ती स्वतः करते म्हणे. त्याच आठवड्यात इन्स्टाग्रामवर एका एजन्सीचा मेसेज आला. खातं ते सांभाळणार, गिऱ्हाइकांशी चॅट ते करणार, गोव्यात व्हिला घेऊन शूट करणार आणि निम्मे पैसे घेणार. मी त्यांना आधार कार्ड आणि चार फोटो पाठवलेत. त्यातल्या दोन फोटोंत अंगावर फारसं काही नाही. आता करार आलाय. संकेतस्थळ परदेशातलं, मर्जी माझी, चेहरा दिसणार नाही. मग कायद्याने काय हरकत? आणि टॅक्सचं काय करायचं? घरी कुणालाच विचारू शकत नाही.’

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. आधी तातडीचं सांगते: तो करार सही करून पाठवू नकोस आणि एजन्सीशी झालेलं एकही बोलणं डिलीट करू नकोस. बाकीचं सावकाश वाच.

हे विचारल्याबद्दल तुला लाज वाटायचं काही कारण नाही. मी गेली अठरा वर्षं वकिली करते आणि घर चालवण्यासाठी बायकांना काय काय करावं लागतं ते रोज बघते. तुझ्या चारित्र्याची चर्चा करायला मी बसलेले नाही. उद्या यात काही बिनसलं तर कायदा तुझ्या पाठीशी उभा राहील का, एवढंच मी बघते आहे. आजच्या घडीला भारतात तो धड उभा राहत नाही. माझी सगळी काळजी तेवढ्यासाठी आहे.

‘मर्जी माझी’ हे तुझं म्हणणं मला माणूस म्हणून पटतं. पण माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 याला ते विचारायचंच नाहीये. कलम 67 अश्लील मजकूर इलेक्ट्रॉनिक माध्यमातून प्रसिद्ध करणाऱ्याला किंवा पाठवणाऱ्याला लागतं. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. कलम 67अ उघड लैंगिक कृतीच्या चित्रणाला लागतं आणि त्यात पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे. दुसऱ्यांदा दोषी ठरलं तर सात वर्षांपर्यंत. फोटोतली व्यक्ती सज्ञान होती, राजीखुशीने होती, पैसे देणाराही सज्ञान होता, यातलं काहीही या कलमांत बचाव म्हणून लिहिलेलं नाही. प्रसिद्ध केलं किंवा पाठवलं, एवढं पुरतं. तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे गुन्हे या कायद्याने जामीनपात्र धरले आहेत. 67अ त्याच्या वर जातं, म्हणून तिथे जामीन हक्काने मिळत नाही, कोर्टाकडे मागावा लागतो. शिवाय भारतीय न्याय संहितेचं कलम 294 आहे आणि स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्धचा 1986 चा कायदाही आहे. तक्रार आली की पोलीस सहसा ही सगळी कलमं एकत्र लावतात.

‘संकेतस्थळ परदेशातलं’ याचाही उपयोग नाही. ते लंडनचं असलं तरी फोटो काढणार तू वाकडमध्ये आणि चढवणारही तिथूनच, म्हणजे गुन्हा घडला तो भारतात. ते संकेतस्थळ आपल्याकडे उघडतं म्हणून त्यावर काही टाकणंही चालतं, असा अर्थ काढू नकोस. सज्ञान माणसाने आपल्या खोलीत बसून असलं काही बघणं आणि ते प्रसिद्ध करणं यांत कायदा फरक करतो. केरळ उच्च न्यायालयाने 2023 मध्ये खासगीत बघणं हा गुन्हा नाही असं म्हटलं, ते बघणाऱ्यापुरतं. (लहान मुलांच्या बाबतीत मात्र नुसतं बघणं आणि साठवणंही गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये ते अगदी स्पष्ट केलं.) पैसे भरणारे सुटतात आणि टाकणारी अडकते, अशी ही रचना आहे. मला ती अन्यायाची वाटते, पण आज तीच आहे.

आता तू विचारशील, नुसते बोल्ड फोटो टाकले, नग्न काही नाही, तर? इथे कायदा जरा सैल आहे. विम्बल्डन जिंकलेला बोरिस बेकर आणि त्याची होणारी बायको यांचा एक नग्न फोटो 1993 मध्ये कोलकात्याच्या प्रकाशनांत छापला गेला, त्यावरून खटला झाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2014 मध्ये न्यायालयाने सांगितलं की नग्नता म्हणजे आपोआप अश्लीलता नव्हे. संदर्भ बघायचा, आजच्या समाजाची नजर बघायची. तेव्हा पोहण्याच्या पोशाखातला फोटो अश्लील ठरणं अवघड आहे. पण हे ठरतं ते निकालात, आणि निकाल येईपर्यंतची वर्षं तुझी जातात. मिलिंद सोमण आणि मधु सप्रे यांची बुटांची जाहिरात घे. 1995 मध्ये मुंबईत गुन्हा दाखल झाला आणि निर्दोष सुटायला 2009 उजाडलं. चौदा वर्षं! त्यांच्यामागे नाव होतं, वकील होते. तुझ्या मागे चौदा हजारांचा हप्ता आहे.

आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते. अशी तक्रार करायला फसवला गेलेला, दुखावला गेलेला माणूस लागत नाही. कोणीही करू शकतं. रणवीर सिंगच्या मासिकातल्या फोटोंवरून 2022 मध्ये चेंबूरला गुन्हा नोंदवला गेला तो एका संस्थेच्या पदाधिकाऱ्याच्या तक्रारीवरून, आणि त्यात 67अ सुद्धा लावलं होतं. तुझ्या बाबतीत तक्रार करणारा बहुधा ओळखीचाच असेल: चिडलेला जुना मित्र, घरमालक, नात्यात लग्न मोडलेलं कुणीतरी. सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांनी सरसकट अटक करायची नाही, आधी नोटीस द्यायची, असा दंडक 2014 पासून आहे आणि मी त्यासाठी भांडतेही. पण नोटिशीच्या दिवशी मोबाइल आणि लॅपटॉप जप्त होतात. ते परत यायला किती महिने लागतात, हे माझ्या अशिलांना विचार.

गोव्याच्या व्हिलाची भुरळ तर मनातून काढूनच टाक. गोव्यात सगळं चालतं हा आपल्याकडचा समज आहे. 2020 च्या नोव्हेंबरमध्ये काणकोणच्या चापोली धरणावर केलेल्या एका चित्रीकरणावरून अभिनेत्रीला अटक झाली होती. मुंबईतही 2021 च्या फेब्रुवारीत मढ बेटावरच्या भाड्याच्या बंगल्यावर छापा पडला आणि त्यातून ॲपवरच्या चित्रफितींचं मोठं प्रकरण उभं राहिलं. व्हिला भाड्याने घेऊन चार-पाच जणांनी केलेलं शूट पोलिसांच्या लेखी धंदा ठरतं, आणि कॅमेऱ्यासमोर असतेस तू.

आता चेहऱ्याचं. नाव-गाव बदलून एक प्रसंग सांगते, कारण ती बाई आता सावरली आहे आणि तिने सांगायला हरकत घेतलेली नाही. माझ्याकडे आली तेव्हा तिने फोन रुमालात गुंडाळून आणला होता, जणू तो उघडा राहिला तर कुणीतरी बघेल. फोटोत चेहरा कुठेच नव्हता. मान, खांदा, पाठ, मागे खिडकी. खिडकीला मोराच्या आकाराचं लोखंडी ग्रिल. तिच्या सासूबाईंनी ते नाशिकला लोहाराकडून मुद्दाम करून घेतलं होतं, सगळ्या नातेवाइकांनी त्याचं कौतुक केलेलं. नणंदेच्या मुलाने ते ओळखलं. टॅटू, तीळ, पडदा, पलंगावरची चादर, पायातली जोडवी, पाठीमागून ऐकू येणारी सोसायटीच्या पंपाची घरघर, आणि फोटोच्या फाइलमध्ये दडलेलं ठिकाण आणि वेळ: माणूस चेहऱ्याशिवाय शंभर गोष्टींनी ओळखू येतो. त्या संकेतस्थळावर ठरावीक देशांतल्या लोकांना आपलं पान दिसू न देण्याची सोय आहे. पण पैसे भरलेल्या एकाने स्क्रीन रेकॉर्ड करून टेलिग्रामवर टाकलं की ती सोय संपली. परदेशातली मैत्रीणही हेच सांगेल, नीट विचार तिला.

तिलाही माझा एक निरोप दे. ब्रिटनमध्ये सज्ञान माणसाने हे काम करणं कायद्याला मंजूर आहे, पण विद्यार्थी व्हिसावर स्वतंत्र व्यवसाय करून कमावायला तिथे मनाई आहे. ती त्याच व्हिसावर असेल तर आपलं शिक्षण आणि पुढचा व्हिसा पणाला लावते आहे.

एजन्सीबद्दल मी सगळ्यात कडक बोलणार आहे. करारातलं तू पाठवलेलं पान वाचलं. दोन वर्षांचं बंधन, मध्येच सोडलं तर तीन लाखांचा दंड, चित्रणाचे हक्क कायमचे त्यांचे, खात्याचा पासवर्ड त्यांच्याकडे, पैसे आधी त्यांच्या बँकेत. ताळा मांड. गिऱ्हाइकाने शंभर रुपये दिले तर वीस टक्के संकेतस्थळ घेतं, राहिले ऐंशी. त्यातले निम्मे एजन्सीचे. तुझ्या हाती चाळीस, तेही ते देतील तेव्हा. आणि नाही दिले तर? भारतीय करार कायदा, 1872 चं कलम 23 सांगतं की ज्या कराराचा हेतूच बेकायदा आहे तो करार रद्दबातल. म्हणजे तुझे बुडालेले पैसे मागायला तू दिवाणी कोर्टात जाऊ शकत नाहीस. त्यांचा तीन लाखांचा दंडही कोर्टातून वसूल होऊ शकत नाही, पण त्यांना कोर्टाची गरज कुठे आहे? त्यांच्याकडे तुझे फोटो आहेत, आधार आहे आणि साताऱ्याचा पत्ता आहे. शिवाय तुझ्या नावाने चॅट करणारा मुलगा गिऱ्हाइकाला भेटीचं आमिष दाखवेल, जास्तीचे पैसे उकळेल. फसवलेल्या माणसाच्या तक्रारीत नाव मात्र तुझं असेल.

पैशांचं स्वप्नही जरा तपासून बघ. कंपनीच्याच 2023 च्या हिशेबात प्रेक्षकांनी सुमारे 6.6 अब्ज डॉलर खर्च केले आणि चित्रण टाकणाऱ्यांची खाती सुमारे 41 लाख होती. कंपनीचे वीस टक्के वजा करून भागाकार केला तर एका खात्याला वर्षाला जेमतेम तेराशे डॉलर येतात. महिन्याला साधारण नऊ हजार रुपये, कर भरण्याआधी. तुझ्या हप्त्यालाही पुरत नाहीत. आणि ही सरासरी आहे, तीही मूठभर लाखोंनी कमावणाऱ्यांमुळे वर गेलेली. ऑगस्ट 2021 मध्ये याच कंपनीने बँकांच्या दबावामुळे उघड लैंगिक चित्रण बंद करत असल्याचं जाहीर केलं होतं आणि आठवड्याभरात निर्णय फिरवला. त्या आठवड्यात जगभरच्या बायकांची झोप उडाली. जे काम लंडनच्या एका निवेदनाने बंद पडू शकतं त्यावर बाबांचं ऑपरेशन ठरवायचं का?

टॅक्सचं थोडक्यात. कमाई बेकायदा असली तरी आयकर लागतो. उलट गुन्ह्यासाठी केलेला खर्च वजा करू देत नाहीत. परदेशातून डॉलर आले की बँक विचारते कशाचे, आणि तिथे खोटं लिहिलं तर नवी भानगड. उलाढाल वर्षाला 20 लाखांवर गेली तर जीएसटी नोंदणी. म्हणजे आपल्याच सहीने कमाईचा कागद तयार करायचा आणि तोच उद्या पुरावा म्हणून समोर यायचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, त्या चार फोटोंचं. तू मला पत्रात शेवटी एक ओळ लिहिली आहेस, ‘ते फोटो आता गेले ना?’ नाही गं, तसं समजू नकोस. इथे कायदा तुझ्या बाजूला आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 मध्ये स्पष्ट म्हटलंय की बाईने खासगी फोटो काढायला संमती दिली असली, पण तिसऱ्याला दाखवायला दिली नसली, तर ते पसरवणं हा गुन्हा आहे. फोटो दाखवून पैसे किंवा काम मागितलं तर खंडणीचं कलम 308 आणि धमकीचं 351. ‘तूही अडकशील’ असं ते म्हणतील. सगळे असंच म्हणतात. तू काही प्रसिद्ध केलेलं नाहीस, काम देतो म्हणून तुझ्याकडून ते मागून घेतले गेले.

आज संध्याकाळी बसून एवढं कर. सगळ्या चॅटचे स्क्रीनशॉट घे, त्यात समोरच्याच्या प्रोफाइलचं नाव, नंबर, तारीख दिसली पाहिजे. ते मेलवर स्वतःलाच पाठव, म्हणजे फोन गेला तरी राहतील. मग स्टॉपएनसीआयआय या सेवेवर जा. तिथे फोटो पाठवावा लागत नाही. तुझ्याच फोनवर त्याचा एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि फक्त तो ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो. त्याच्याशी जुळणारा फोटो फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या ठिकाणी कुणी टाकला तर तो अडवता येतो. पण मूळ फोटो तुझ्याकडे असावे लागतात, म्हणून घाबरून ते पुसू नकोस. आधारच्या संकेतस्थळावर जाऊन बायोमेट्रिक लॉक कर, आणि यापुढे कुणालाही द्यायचं झालं तर शेवटचे चारच अंक दिसणारं आधार दे. ओन्लीफॅन्सला मेल टाक की माझ्या ओळखपत्रावर खातं उघडलं असेल तर ते माझं नव्हे. फोटो कुठे दिसलाच तर त्या ठिकाणच्या तक्रार अधिकाऱ्याला लगेच कळव. नग्न किंवा खासगी फोटोच्या तक्रारीवर ते काढण्यासाठी 2021 च्या नियमांनीच 24 तासांची मुदत घातली होती. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्त्रियांबाबतच्या अशा तक्रारी नाव न देताही करता येतात. पैसे गेले असतील तर 1930 या मदत क्रमांकावर फोन कर.

घरच्या पैशांसाठी दोन-तीन गोष्टी तू केल्या नसाव्यास असं पत्रावरून वाटतं. नोकरी गेल्यावर पीएफमधली पाऊण रक्कम काढता येते, अर्ज घरबसल्या होतो. बँकेच्या शाखेत जाऊन नोकरी गेल्याचं पत्र दाखव आणि कर्जाची मुदत वाढवून हप्ता कमी करून माग. लेखी माग, पोच घे. हप्ते चुकायच्या आधी गेलं तर बँक ऐकून घेते. आणि बाबांना साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात घेऊन जा. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात मोफत होते, भिंगासकट. तिथे जायला कमीपणा कसला? माझ्या आईचं ऑपरेशन सरकारीतच झालं आणि ती आजही सुईत दोरा ओवते.

एवढं सगळं वाचूनही तू म्हणालीस की मला हे करायचंच आहे, तर तो निर्णय तुझा. मी तुला दारातून घालवणार नाही. फक्त एकटीने, रात्री, हप्त्याच्या तारखेच्या आदल्या दिवशी तो निर्णय घेऊ नकोस, आणि पासवर्ड कुणाच्याही हातात देऊ नकोस.

एजन्सीला एकच ओळ पाठव: ‘मला हे काम करायचं नाही, माझे फोटो आणि आधारची प्रत कुठेही वापरायला माझी संमती नाही.’ याहून जास्त काही लिहू नकोस, फोन आला तर उचलू नकोस, धमकीचा मेसेज आला तर उत्तर न देता जपून ठेव. गुरुवारी दुपारी तीननंतर मी चेंबरमध्ये असते, शिवाजीनगर कोर्टाच्या मागच्या बाजूला. सदराचं नाव सांग, फी लागणार नाही. वाकडच्या दोघींपैकी जिच्यावर विश्वास आहे तिला बरोबर घेऊन ये आणि करार छापून आण.